हवेतलं चाक

बंद पडलेली गाडी दोर लावून ओढत आणतात, तेव्हा तिच्या स्टिअरिंगवरचा माणूस बहुतेक वेळा तोंड पाडून बसलेला असतो. संगप्पामामा मात्र अक्कलकोट रोडवरच्या ओळखीच्या टपरीवाल्यांना हात करत आले. पुढे ट्रॅक्टर, मध्ये दोर, मागे त्यांची हिरवी पिकअप. गॅरेजच्या दारात ट्रॅक्टर थांबला, तसे ते उतरले, आधी ट्रॅक्टरवाल्याला चहा सांगितला आणि मग आमच्या बिलालभाईंना म्हणाले, "मिस्त्री, हिचा जीव गेला. पण हातपाय अजून चांगले हायत."

"मय्यत इधर कायको लाए मामा?" बिलालभाई बॉनेट उघडत म्हणाले.

"तुमच्या हाताखाली उठती की. मागं दोनदा उठलीय."

मी सोलापूरच्या या गॅरेजात डिप्लोमा करून लागले, म्हणून बिलालभाई मला 'डिप्लोमा' अशीच हाक मारतात. नाव ऋतुजा, गाव करकंब. मामांनी एकदा नाव विचारलं आणि त्यानंतर कधीच त्या नावानं बोलावलं नाही. त्यांचं गाव दुधनीच्या पुढे, घरात कन्नड. मुलीला लाडानं 'यव्वा' म्हणायची त्यांच्याकडची रीत. मी पहिल्या दिवसापासून यव्वा झाले.

पिकअप माझ्याहून वयानं मोठी. जीपसारखं तोंड, गोल डोळे, मागे लाकडी फळ्यांचा हौदा. पेट्रोलचं जुनं इंजिन आता खरोखरच संपलं होतं. मामांना ते ठाऊक होतं. त्यांनी बार्शीच्या एका ओळखीच्या माणसाकडून मोडीत निघालेल्या गाडीचं चांगलं डिझेल इंजिन आधीच मिळवून ठेवलं होतं, आणि इंजिन बदलायची आरटीओची परवानगीही काढली होती. आता ते बसवायचं आणि गाडी पाडव्याच्या आत उभी करायची, एवढंच त्यांचं मागणं होतं.

"पाडव्यालाच का?" मी विचारलं.

"होळी झाली की शेवयाचं दिवस लागत्यात, यव्वा. पाडवा झाला की पहिला घाणा. त्या दिवशी गाडी पाहिजेच."

ही पिकअप म्हणजे 'शेवयाची गाडी', हे मला तेव्हा कळलं. दुधनीच्या आसपास शेतात विखुरलेल्या वस्त्या आहेत. तिथे दिवसा वीज असेलच असं नाही आणि गावात शेवयाचं मशीन असलं तरी ओलवलेल्या गव्हाचं पीठ डोक्यावर घेऊन तिथवर जायचं, रांगेत बसायचं, हे लेकुरवाळ्या बायकांना जमत नाही. म्हणून मामा आणि त्यांच्या मंडळी नागव्वा मशीन घेऊन वस्त्यांवर जातात. एका वस्तीवर दिवसभर मशीन चालतं, बायका शेवया बाजांवर वाळवतात, आणि घरची गरज भागून उरलेला माल मामा याच पिकअपमधून सोलापूरच्या दुकानांत पोहोचवतात. मे अखेरपर्यंत हेच. लग्नानंतर दोनेक वर्षांनी सुरू केलेलं हे काम ते आजवर करत आलेत.

इंजिन बसलं. आवाज असा सुरेख आला की बिलालभाईंनी दोन मिनिटं कुणाला बोलू दिलं नाही. पण रस्त्यावर काढल्यावर गडबड लक्षात आली. जरा वेग घेतला की इंजिन किंचाळायला लागे, आणि मागून घरघर.

खोट इंजिनात नव्हती, मागच्या एक्सलमध्ये होती. जुनं पेट्रोल इंजिन अंगानं किरकोळ पण पळायला चपळ. त्याला मदत म्हणून मागच्या एक्सलमधले दात असे केलेले असतात की इंजिनाकडून मागे येणारा लांब दांडा साडेपाच वेळा फिरला की चाक एकदा फिरतं. डिझेल इंजिन उलट स्वभावाचं. ते सावकाश फिरूनही जोर लावतं, पण त्याला भरभर फिरवलं की दमतं. त्याला चार फेऱ्यांत चाक एकदा फिरवणारा एक्सल हवा. शिवाय जुन्या एक्सलमधले दांडे त्या किरकोळ इंजिनाच्या मानानं केलेले. डिझेलचा जोर त्यांना कधी पिळून टाकेल याचा नेम नव्हता.

हे मी मामांना सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, "म्हंजे जावई पैलवान आणला आणि बाज तीच जुनी ठिवली."

"असंच."

"मग बाज बदला."

बिलालभाईंनी मोडीच्या बाजारात चौकशी केली. नव्या पिकअपचे दोन एक्सल मिळण्यासारखे होते. दोन्हींचे दात आम्हाला हवे तसे. एक साधा. दुसऱ्यात 'लॉक'. लॉक म्हणजे असं, की एक चाक चिखलात नुसतंच गरगर फिरायला लागलं तर आतला खटका आपोआप पडतो, दोन्ही चाकं एकमेकांना बांधली जातात आणि कोरड्या जमिनीवरचं चाक गाडीला बाहेर काढतं.

मी मामांना विचारलं, "वस्त्यांवरचे रस्ते कसे आहेत?"

"रस्ता कुटला? काळी माती. पाटाचं पाणी फुटलं की गाडी बसली."

"माल किती भरता?"

"वस्तीवरल्या वैजूच्या लग्नाला वऱ्हाड भरलं हुतं. तवा मागच्या स्प्रिंगचा पाटा मोडला."

"किलोमध्ये सांगा की मामा."

"वऱ्हाड किलोत कुटं मोजत्यात?"

बिलालभाई हसून हसून टायरवर बसले. मी शेवटी अंदाज बांधला. काळी माती, जड माल, लांबचा पल्ला. तिघांचंही एकमत झालं, लॉकवालाच घ्यायचा. मामा सगळ्यांत खूश. त्यांनी लॉकची करामत ट्रॅक्टरवाल्याला, चहावाल्याला आणि पंक्चरवाल्याला सांगितली. प्रत्येकाला सांगताना शेवटी माझ्याकडे बोट करायचे, "ह्या यव्वानं निवडलाय."

एक्सल बसवायला वेळ गेला. नव्या एक्सलवर स्प्रिंगच्या बैठका जुन्या गाडीच्या मापानं वेल्ड करून घ्याव्या लागल्या, ब्रेकच्या नळ्या नव्यानं वळवल्या, लांब दांडा थोडा कापून घेतला. मामा गावाकडून येताना रोज काहीतरी आणत. एकदा कडक भाकरी आणि शेंगाची चटणी, एकदा नुसतेच ताजे हरभरे. काम चाललेलं असताना ते मध्ये बोलत नसत. बॅटरीचा उजेड मात्र हवा तिथे धरत, आणि मी हात मागे केला की पाना हातात येई. पाना चुकीचाच असे बहुधा, पण येई.

गाडी तयार झाली. मामा ती घेऊन गावी गेले आणि पाडवा तोंडावर आला असताना परत आले. शेजारी नागव्वा. उतरल्या उतरल्या मामा म्हणाले, "यव्वा, गाडी रस्त्यावर पाण्यासारखी चालती. अक्कलकोट कधी आलं कळलंच न्हाय."

"ह्यास्नी कळलं न्हाय, मला कळलं," नागव्वा म्हणाल्या. "लई पळवली."

मागे हौद्यात शेवयाचं मशीन होतं, आणि एक लोखंडी पुली. मामांनी ती दोन्ही हातांनी उचलून माझ्यासमोर ठेवली. "आता एवढं कर. जुन्या चाकाला पाच बोल्ट हुतं, नव्याला सहा. हिला सहा भोकं पाडून दे."

"ही चाकाला लावता?"

"मग मशीन कशानं फिरवू?"

मी आजवर पाहिलेली शेवयाची मशीनं विजेच्या मोटारीवर चालणारी. मामांचं मशीन कशावर चालतं हे मी विचारलं नव्हतं, आणि मामांना ते सांगावंसं वाटलं नव्हतं, कारण त्यांच्या लेखी गाडीच्या चाकावर मशीन चालणं ही सांगण्यासारखी गोष्टच नव्हती.

भोकं पाडली. मामा म्हणाले, "बघायचंय? थांब." त्यांनी गॅरेजच्या अंगणात गाडी लावली, मागच्या डाव्या चाकाखाली जॅक लावून ते जमिनीपासून वर उचललं. उजव्या चाकाच्या पुढे-मागे दगड. पुढच्या चाकांनाही दगड. डाव्या चाकावर पुली कसली, तिच्यावरून पट्टा घेऊन तो मशीनला जोडला. मग केबिनमध्ये बसून इंजिन चालू केलं आणि पहिला गिअर टाकला. उजवं चाक दगडांमध्ये गप्प उभं राहिलं आणि हवेतलं डावं चाक फिरायला लागलं.

मी बघतच राहिले. वर्गात गियरबॉक्सच्या पलीकडचं प्रकरण, म्हणजे डिफरन्शियल, आम्ही फळ्यावर शिकलो होतो. इथे एक माणूस त्यावर शेवया करत होता.

नागव्वांनी परातीतला पिठाचा गोळा मशीनच्या तोंडात सरकवला. बिलालभाईंनी लगेच विचारलं, "पहिला घाणा हमारा क्या?"

"हा घाणा धरायचा न्हाय," नागव्वा म्हणाल्या. "ही दुकानची कणीक हाय. पहिला घाणा बाळंतिणीचा. ह्यो निसता बघायचा."

जाळीतून शेवया उतरू लागल्या. बिलालभाईंनी काडीवर झेलायचा प्रयत्न केला आणि निम्म्या तोडल्या. नागव्वांनी त्यांच्या हातातून काडी काढून घेतली. "तुमी इंजिनच झेला," त्या म्हणाल्या, आणि मग केबिनकडे बघून ओरडल्या, "अवो, थोडं वाढवा, तार तुटायलीय."

मामांनी दोरीनं अ‍ॅक्सिलरेटर जरा ओढला. चाकाचा वेग वाढला.

मागून 'टक्' असा आवाज आला.

पुढचं इतक्या पटकन झालं की मला ते नंतर जुळवावं लागलं. दगडांमध्ये गप्प उभं असलेलं उजवं चाक एकदम फिरलं आणि दगडावर चढलं. गाडी पुढे उडी मारावी तशी गेली, जॅक आडवा झाला, पट्टा निसटून अंगणभर फडफडला. नागव्वा मशीनमागे होत्या म्हणून बऱ्या. मामांनी क्लच दाबला तोवर गाडी जुन्या टायरांच्या थप्पीवर जाऊन टेकली होती.

कुणाला काही लागलं नव्हतं. मामा उतरले, प्रत्येकाकडे बघून खात्री केली, आणि मग गाडी जिथून गेली तिथे चाकापुढच्या मोकळ्या जागेत येऊन उभे राहिले.

"हितं पोरं बसत्यात," ते म्हणाले. "वस्तीवरची. शेवया बघत."

मला त्या 'टक्'चा अर्थ लागला होता. लॉकला काय कळणार? एक चाक फिरतंय, दुसरं थांबलंय, एवढंच त्याला दिसलं. गाडी चिखलात फसली असं समजून त्यानं आपलं काम चोख केलं. चाक सावकाश फिरत होतं तोवर तो गप्प होता. वेग वाढला आणि त्याचा खटका पडला.

मी मामांना हे समजावू लागले, पण त्यांना आधी दुसरंच हवं होतं. "मग जुन्यात असं का हुईत नव्हतं? एक चाक थांबून दुसरं फिरतंयच कसं?"

मी एक लांब पहार अंगणात आडवी ठेवली. तिच्या एका टोकापुढे मोठा दगड ठेवला. "ही पहार म्हणजे एक्सल. इंजिन मध्ये धरून ढकलतं. आता मध्ये धरून ढकला."

मामांनी ढकललं. दगडाजवळचं टोक अडलं. मधला भाग वीतभर पुढे गेला आणि दुसरं टोक दोन वीत.

मामा वाकून बघत राहिले. मग पहार जागेवर आणून त्यांनी पुन्हा ढकललं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा त्यांनी नागव्वांना बोलावलं. "बघ गं. थांबल्यालं चाक आपलं फिरणं ह्या चाकाला देतंय. म्हणून आपलं चाक असं पळतं. एवढी वर्सं मशीन चालवतोय, कुणी सांगितलं न्हाय."

"तुमी कुणाला इचारलं हुतं?" नागव्वा म्हणाल्या.

गाडी नुकतीच टायरांवर आदळली होती, हंगाम तोंडावर होता, आणि हा माणूस पहारीशी खेळण्यात रमला होता. बिलालभाईंनी मला हळूच कोपरानं ढोसलं. "डिप्लोमा, आता मामाको घर भेज, नहीं तो अपनी पहार लेके जाते."

तेवढ्यात मामांचा फोन वाजला. त्यांना फोन नेहमी स्पीकरवरच लागतो.

"संगप्पा, कुटं हायस?" पलीकडचा आवाज म्हातारा पण खणखणीत.

"बजाबाई, सोलापुरात. गाडीचं जरा..."

"गाडीचं मला सांगू नगंस. वैजूला लेक झालीय म्हायती हाय न्हवं? गहू ओलवून, वाळवून, दळायला दिलाय. ते पीठ आता थांबायचं न्हाय. तुजी गाडी आली न्हाय तर बाळंतिणीला काय बिस्कूट भिजवून घालू?"

"येतो की, बजाबाई."

"येतो म्हनतोस तसा ये." फोन बंद झाला.

बजाबाईंची वस्ती ही दर वर्षीची पहिली वस्ती. वैजयंती त्यांची नात, बाळंतपणाला आलेली. ओलवलेल्या गव्हाचं पीठ फार टिकत नाही, हे मी करकंबची असल्यामुळे मला माहीत होतं. मशीन चाललं नाही तर ते सगळं पीठ वाया जाणार होतं, आणि आजवर न चुकलेला पहिला घाणा चुकणार होता.

आम्ही चौघं बसलो. बिलालभाईंनी एक तोड सुचवली, वेग वाढवायचाच नाही, सावकाश चालवायचं, म्हणजे खटका पडणार नाही. मामांनी मान हलवली. "पोरं बसत्यात," एवढंच म्हणाले. मी सुचवलं, मशीनसाठी छोटं वेगळं इंजिन घ्या. त्यावर नागव्वाच बोलल्या. तसं एक मागे घेतलं होतं, ते हौद्यात ठेवलं की निम्मा हौदा भरे, बायकांचा माल रस्त्यावर राही. शेवटी ते विकलं.

तिसरी वाट मला दिसत होती, पण सांगताना जड जात होतं. "आतला डिफरन्शियलचा लॉकवाला गोळा काढून साधा गोळा बसवता येईल. दात हेच ठेवायचे. म्हणजे रस्त्यावर गाडी आत्तासारखीच चालेल आणि मशीनही पहिल्यासारखं. फक्त चिखलात गाडी अडकली तर स्वतःहून निघणार नाही. ज्यासाठी हा एक्सल घेतला, तेच जाईल."

मी धरून चालले होते की मामा विचार करायला वेळ मागतील. त्यांनी नागव्वांकडे बघितलं आणि दोघं हसायलाच लागले.

"तू सांग," मामा म्हणाले.

"मी काय सांगू," म्हणत नागव्वांनी सांगितलंच. "लगीन होऊन दोन वर्सं झाली हुती. तवा मशीन नव्हतं. हे हीच गाडी घेऊन कांदं न्यायचं. मला दिवस भरल्यालं, म्हायेरी चालले हुते. बजाबाईच्या वस्तीम्होरं वड्यात गाडी बसली. हलंना. वस्तीवरच्या बायका आल्या, ढकलली. गाडी निघाली, पण मला तितंच कळा सुरू झाल्या. बजाबाईनं उतरवून घेतलं. आमचा नंदीश तिच्याच घरात झाला. दुसऱ्या दिवशी तिनं शेवयाची खीर दिली. हातावर वळल्याल्या शेवया, यव्वा. एकेक. तिच्या घरात मूठभर हुत्या, त्या सगळ्या मला घातल्या."

"मग मशीन घेतलं," मामा म्हणाले. "पहिला घाणा बाळंतिणीचा, त्याचं काय घ्यायचं न्हाय, हे तवाच ठरलं. बाळंतीण न्हाय अशी वस्तीच न्हाय कुटं." मग ते म्हणाले, "चिखलाची काळजी तू करू नगंस, यव्वा. अडकलो तर माणसं हायत. मशीनला हात लावून फिरवणारं कोण हाय?"

बिलालभाईंनी मोडीच्या बाजारात फोन लावला. साध्या एक्सलचं बाहेरचं कवच कापून भंगारात गेलं होतं, पण आतला गोळा अजून होता. ते स्वतः स्कूटर घेऊन गेले आणि तो गोणपाटात गुंडाळून घेऊन आले.

तो गोळा बसवणं हे मी आजवर केलेलं सगळ्यांत नाजूक काम. आतले दोन मोठे दातेरी भाग एकमेकांत फार घट्ट बसले तर झिजतात, फार सैल बसले तर खडखडतात. दातांना पिवळा रंग लावायचा, हातानं फिरवायचं, ठसा कुठे उमटला ते बघायचं. ठसा दाताच्या मधोमध यायला हवा. कडेला आला की सगळं खोलून पातळ चकती कमी-जास्त करायची. माझं पहिल्यांदा चुकलं, दुसऱ्यांदाही. बिलालभाईंनी हात लावला नाही. ते शेजारच्या रिक्षाचं काम करत होते, पण प्रत्येक वेळी ठसा बघायला येऊन जात. मामा बॅटरी धरून बसले होते. ठसा मधोमध आला तेव्हा आधी त्यांनाच दिसला. "आला की," ते म्हणाले, आणि बॅटरी बंद करून बोटं मोडत उठले.

पुन्हा अंगणात चाक वर उचललं. या वेळी पुढे कुणालाच उभं राहू दिलं नाही. वेग वाढवला, आणखी वाढवला. उजवं चाक दगडांमध्ये गप्प. मामांनी सवयीपेक्षा जास्त वेळ इंजिन चालू ठेवलं.

"चल," ते उतरून मला म्हणाले. "वस्तीवर चल. तुझं काम तितं बघ."

बिलालभाईंनी सुट्टी दिली. दिली म्हणजे काय, मी हात धुवायला गेले तेव्हा माझी पिशवी पिकअपच्या सीटवर ठेवून दिली.

अक्कलकोट मागे पडलं, दुधनीच्या अलीकडे डांबरी रस्ता सोडला. नागव्वा मधे, मी खिडकीत. मामा गाणं म्हणत नव्हते पण स्टिअरिंगवर बोटांनी ताल धरला होता. बजाबाईंची वस्ती लिंबांच्या झाडांत दिसायला लागली आणि तेवढ्यात, उसाच्या कडेला पाटाचं पाणी फुटून जिथे रस्ता काळा झाला होता तिथे, गाडी बसली. उजवं चाक गरगर फिरलं, चिखल उडवला आणि आणखी खोल गेलं. डावं चाक कोरड्यावर निवांत उभं.

माझा चेहरा पडला असणार. लॉक असता तर या क्षणी 'टक्' झालं असतं आणि गाडी बाहेर आली असती.

मामांनी इंजिन बंद केलं. हॉर्नही वाजवला नाही. दार उघडून पाय बाहेर सोडून बसले आणि तंबाखू चोळू लागले. थोड्या वेळानं उसाच्या बाजूनं आवाज आले. पदर खोचलेल्या बायका, दोन गडी, त्यांच्यापुढे काठी टेकत एक ठेंगण्या म्हाताऱ्या बाई.

"यव्वा," मामा म्हणाले, "माझं लॉक आलं बघ."

"दर वर्सी हितंच बसतोस," बजाबाई जवळ येत म्हणाल्या. "नवीन इंजिन टाकलं म्हनं. कुटं हाय ते?"

"इंजिन नवीन हाय. चिखल जुनाच हाय तुमचा."

"मग उतर की खाली. बसून काय बघतोस?"

मीही उतरले. चपला हातात घेतल्या आणि सगळ्यांबरोबर फळीला खांदा लावला. कुणीतरी 'हां' म्हणालं आणि आम्ही ढकललं. दुसऱ्या झटक्याला गाडी निघाली. माझ्या तोंडावर चिखलाचा सपकारा बसला, तो शेजारच्या बाईनं आपल्या पदरानं पुसला आणि विचारलं, "तू कोण गं?"

मी सांगायच्या आधी मामांनी केबिनमधून सांगितलं. "गाडीचं मागचं सगळं हिनं केलंय. गोळा हिनं बसवलाय. मधोमध बसवलाय."

त्या बाईंना गोळा कुठला ते ठाऊक नव्हतं. त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाल्या, "मग चहा घे आधी."

अंगणात चाक वर उचललं, दगड लागले, पट्टा चढला. नागव्वा मशीनमागे बसल्या. सोप्यात वैजयंती लेकीला मांडीवर घेऊन बसली होती. पोरं नेहमीच्या जागी, चाकापुढच्या मोकळ्या जमिनीवर येऊन बसली आणि मामांनी त्यांना हात धरून उठवलं. "आजपासनं हितं न्हाय, तिकडं," म्हणत मशीनच्या बाजूला बसवलं. जुन्या जागेवर त्यांनी आपली एक गोणी आडवी टाकली, आणि ती नंतर दिवसभर कुणी ओलांडली नाही.

इंजिन चालू झालं. डावं चाक फिरलं. बजाबाईंच्या गव्हाच्या पिठाच्या शेवया जाळीतून उतरल्या, पांढऱ्या, लांब, न तुटता. नागव्वांनी पहिली काडी भरून घेतली आणि स्वतः उठून वैजयंतीच्या समोरच्या बाजेवर पसरली. बजाबाईंनी काठी भिंतीला टेकवली आणि शेवयांवरून एकदा हात फिरवला, एवढंच.

मी उजव्या चाकाजवळ बसून होते. ते दगडांमध्ये अजिबात हलत नव्हतं. मी दिवसभर त्याच्याकडे बघत राहिले तरी मला कंटाळा आला नाही.

निघताना बजाबाईंनी वाळलेल्या शेवयांची एक पुरचुंडी माझ्या पिशवीत कोंबली. मी नको म्हटलं तर म्हणाल्या, "पहिला घाणा वैजूचा, दुसरा तुजा. गप घे." संगप्पामामा हसत गाडीला पाठ टेकून उभे होते, आणि मला वाटलं, या माणसानं मला एक जुनी गाडी, एक पहार आणि एक अख्खी वस्ती दाखवली, त्याबद्दल त्याला काय म्हणायचं असतं ते मला येत नाही. मी फक्त "येते मामा" म्हटलं. ते म्हणाले, "ये, यव्वा. गाडी सोडती तुला दुधनीला. बसल म्हंजे बसल वाटंत, पण सोडती."

ती पुरचुंडी मी करकंबला आईकडे पाठवली. दोन दिवसांनी तिचा फोन आला. "शेवया कुणी दिल्या गं?"

"मागच्या एक्सलनं," मी म्हटलं.

"त्यांना सांग," ती म्हणाली, "खीर लई चांगली झाली."